सायनस, ॲक्युप्रेशर आणि स्टीलची ताटली

गालावर किंवा भुवईवर बोट दाबून सायनसमधला कफ बाहेर ढकलता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ठाण्यात उपवन तलावाच्या सकाळच्या ग्रुपपासून ते सोसायटीच्या व्हॉट्सॲपपर्यंत समज हाच आहे, आणि त्यापायी माणसं गाल लालबुंद होईस्तोवर दाबत बसतात. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्या. बोट आणि कफ यांच्या मधे हाड आहे, आणि हाड काही दबत नाही.

मग दाबून होतं काय? नाक चोंदतं ते बऱ्याचदा कफापेक्षा सुजेने. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल घड्या असतात, डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ते भरलं की घडी फुगते, हवेची वाट अरुंद होते आणि सायनसची तोंडं जिथे उघडतात ती फटही बुजते. शिंकरून शिंकरून नाक सोललं तरी हाती काही लागत नाही आणि नाक बंदच राहतं, ते यामुळे. ही सूज दिवसभर कमीजास्त होत असते. भरभर चाललं की उतरते, आडवं पडलं की चढते. चेहऱ्यावरचे ॲक्युप्रेशरचे बहुतेक पॉईंट ट्रायजेमिनल नर्व्हच्या फांद्या जिथे हाडातून बाहेर येतात त्यांच्या आसपास आहेत. चेहऱ्याच्या संवेदना हीच नस मेंदूकडे नेते. तिथे बेताचा दाब दिला की कपाळाचा आणि गालाचा ठणका उतरतो, आणि पुष्कळांना नाकही थोडा वेळ मोकळं वाटतं. थोडा वेळ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, फार तर तासभर. ॲक्युप्रेशरची खरी कमाई हा वेळ आहे. त्यात नाक शिंकरून घ्यायचं, जलनेती (एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी सोडून दुसरीतून काढणं) करायची किंवा झोपी जायचं. नुसतं दाबून "वाटतंय बरं" म्हणत पुन्हा एसीत जाऊन बसलं तर तासाभराने पहिले पाढे पंचावन्न.

आधी ताटली

वाटणं आणि होणं यात नाकाच्या बाबतीत फार फरक पडतो. विक्स किंवा पुदिन्याचा अर्क हुंगला की नाक उघडल्यासारखं वाटतं, पण मेन्थॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या तंतूंना चाळवतं एवढंच. हवेची वाट होती तेवढीच राहते. म्हणून दाबण्याआधी मोजायची सवय लावा. त्याला यंत्र लागत नाही, स्वयंपाकघरातली गुळगुळीत स्टीलची ताटली पुरते.

ताटली कोरडी पुसून घ्या. जमल्यास दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे बाष्प नीट दिसतं. आपल्याकडच्या दमट हवेत मात्र जास्त वेळ ठेवलीत तर बाहेर काढताच सगळीच धुरकट होते. ती नाकाखाली आडवी, वरच्या ओठाला टेकवून धरा, तोंड मिटा आणि नेहमीचा श्वास सोडा. जोर लावायचा नाही. ताटलीवर बाष्पाचे दोन ठिपके उमटतील, डावा आणि उजवा. जी नाकपुडी चोंदली असेल तिचा ठिपका लहान असतो आणि आधी विरतो. हे दाबण्याआधी एकदा, दाबल्यावर लगेच एकदा आणि वीस मिनिटांनी एकदा बघा. ठिपका मोठा झाला तर वाट खरंच उघडली. ठिपका तेवढाच पण डोकं हलकं झालं, तर दुखणं उतरलं, सूज नाही. दोन्ही फायदेच आहेत, फक्त वेगवेगळे आहेत, आणि पुढे काय करायचं ते त्यावरून ठरतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहत नाहीत. काही तासांनी पाळी बदलते. एक मोकळी तर दुसरी थोडी मिटलेली. स्वरशास्त्रातली इडा-पिंगळा (डाव्या आणि उजव्या नाकपुडीचा श्वास) या अदलाबदलीवरच बेतलेली आहे. त्यामुळे दाबल्यानंतर तासाभराने डावी बंद होऊन उजवी उघडली तर तो पॉईंटचा प्रताप नसतो. मात्र आठवडेच्या आठवडे एकाच बाजूचा ठिपका बारीक येत असेल तर नाकाचा पडदा वाकडा असणं, पॉलिप म्हणजे नाकातली मऊ गाठ असणं अशी कारणं असू शकतात. ती बोटाने सुटत नाहीत, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून बघायला हवीत.

पॉईंट कसे शोधायचे

तक्त्यावरचे लाल ठिपके बघून बोट ठेवणं ही पहिली चूक. तक्ता एका चेहऱ्याचा असतो, तुमचा चेहरा वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ पॉईंटच्या जागा प्रमाणित करून छापल्या, त्यातही जागा सांगितल्या आहेत त्या हाडांच्या, स्नायूंच्या आणि घड्यांच्या खुणांवरून. तसंच शोधायचं. नखं कापलेली, हात धुतलेले, चष्मा काढलेला. टेबलाशी बसून दोन्ही कोपरं टेकवा, म्हणजे जोर दंडातून न येता डोक्याच्या वजनातून येतो आणि बोटं थरथरत नाहीत.

सुरुवात भुवईपासून करू, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. तर्जनीचं टोक भुवईच्या मध्यावर ठेवा आणि डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेने हळूहळू नाकाकडे या. भुवईचं आतलं टोक येतं तिथे कडेला एक बारीकशी खाच लागते. काहींना ठळक लागते, काहींना नुसता खड्डा जाणवतो. बरोबर जागेवर आलात की मुका, किंचित झिणझिण्या आणणारा ठणका येतो आणि तो कपाळाकडे चढतो. हा झान्झू (ही नावं चिनी), तक्त्यांवर त्याचा संकेत बीएल-२. इथे अंगठ्याचं पेर लावायचं आणि दाब वरच्या दिशेला, भुवईच्या हाडाखालून कपाळाकडे उचलल्यासारखा द्यायचा. सरळ आत दाबलंत तर दाब डोळ्याच्या बुबुळावर जातो, डोळ्यांपुढे चमकतं आणि नाकाला काहीच मिळत नाही. दाबताना डोळे मिटलेले हवेत आणि बुबुळावर अजिबात भार यायला नको.

दोन भुवयांच्या बरोबर मध्ये यिनतांग, म्हणजे आपली टिकली-गंधाची जागा. मधल्या बोटाने हलकं दाबून ठेवायचं किंवा अगदी सावकाश वर्तुळं काढायची. कपाळ जड असताना याचा चांगला उपयोग होतो, नाक मोकळं करायला कमी.

नाकासाठी मुख्य जोडी खाली आहे. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेचा मध्य घ्या. त्याच उंचीवर, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी उतरते त्या घडीत बोट ठेवा. हा यिंगशियांग, एलआय-२०. घडी दिसत नसेल तर जरासं हसा, दिसते. दाबाची दिशा आत आणि किंचित वर, नाकाच्या दांड्याकडे तिरपी. खाली हाड लागलं पाहिजे. इथली नेहमीची फजिती म्हणजे बोट नाकपुडीच्या मऊ भागावर येतं आणि आपणच नाक दाबून बंद करतो. दाबलेलं असताना दोन्ही नाकपुड्यांतून श्वास येत-जात असेल तर बोट जागेवर आहे.

त्याच घडीच्या वरच्या टोकाला, जिथे नाकाचं कडक हाड संपून लवचिक कूर्चा सुरू होते तिथे बितोंग. चष्म्याच्या पॅडपेक्षा थोडं खाली. तर्जनी तिथे दहा सेकंद दाबायची आणि दाब न सोडता यिंगशियांगपर्यंत खाली ओढत आणायची. पाच-सहा वेळा. चोंदलेल्या नाकाला माझ्या मते सगळ्यात लवकर दाद देणारी हालचाल हीच. पहिले चारही पॉईंट करायला वेळ नसेल तर एवढी तरी करावी.

गाल दुखत असेल, वाकल्यावर वरच्या दाढांपर्यंत कळ जात असेल तर ज्यूलियाओ, एसटी-३. समोर बघताना बुबुळापासून सरळ खाली रेघ मारा आणि नाकपुडीच्या खालच्या कडेपासून आडवी. दोन्ही मिळतात तिथे, गालाच्या हाडाच्या खाली. बोट हाडाखाली सरकवून वर उचलायचं. हिरडीवर दाबायचं नाही, त्याने दात दुखायला लागतात आणि लोकांना वाटतं पॉईंट लागला.

चेहऱ्याबाहेरचे दोन. हाताचा हेगू, एलआय-४: अंगठा आणि तर्जनी जोडली की मधे मांसाचा उंचवटा येतो, त्याचा सगळ्यात उंच भाग, पण दाबायचं ते हात सैल सोडून आणि तर्जनीच्या लांब हाडाच्या मध्याकडे, हाडाला भिडवून. नुसतं मांस चिमटीत धरून उपयोग नाही. चिनी परंपरेत पॉईंट शरीरभर धावणाऱ्या वाहिन्यांवर मांडतात, आणि हेगूची वाहिनी वरच्या ओठापाशी ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते असं मानतात, म्हणून डावी नाकपुडी चोंदली असेल तर उजव्या हाताचा हेगू आधी. दोन्ही केलेत तरी बिघडत नाही. गरोदरपणात मात्र हा पॉईंट परंपरेनेच वर्ज्य आहे, तो सोडून द्या. दुसरा मानेवरचा फेंगची, जीबी-२०: कवटीच्या कडेखाली, मानेच्या मधल्या जाड स्नायूच्या आणि कानामागून उतरणाऱ्या स्नायूच्या मधला खड्डा. दोन्ही अंगठे तिथे, बाकी बोटं डोक्यावर, आणि दाब वर, विरुद्ध बाजूच्या डोळ्याच्या दिशेने. डोक्यामागचं जडपण याने जातं. मानेच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर, जिथे नाडी लागते तिथे कधीही दाबू नका. तिथल्या दाबाने नाडी मंदावून चक्कर येऊ शकते.

किती दाबायचं

"जितकं दुखेल तितकं गुणकारी" ही आपल्याकडची जुनी खोड. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं की तो दाब साधारण ४ किलोचा होतो; सांधेदुखीचे डॉक्टर दुखरे बिंदू तपासताना हीच खूण धरत आले आहेत. चेहऱ्याला एवढा दाब फार झाला. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर त्यावर बोट दाबून बघा. चेहऱ्यावर अर्धा किलोच्या आसपास, मानेवर एक-दीड, हेगूवर दोन किलोपर्यंत. दोन-चार वेळा काट्यावर सराव केला की हाताला अंदाज येतो. आणि बहुतेकांच्या लक्षात येतं की आपण आजवर तिप्पट-चौपट दाबत होतो.

जास्त दाबलं की काय होतं? कातडी आणि खालची ऊती सुजते, दुसऱ्या दिवशी तीच जागा हात लावताच दुखते, आणि ते दुखणं सायनसचंच समजून माणूस पुन्हा दाबतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निळे डाग पडतात.

वेळ: एका पॉईंटला ३० ते ६० सेकंद. दाब पाच-सहा सेकंदांत वाढवत न्यायचा, धरायचा, तितक्याच सावकाश सोडायचा. श्वास चालू ठेवायचा, शक्यतो नाकाने. दाबताना श्वास कोंडून धरणारे पुष्कळ असतात. सगळी फेरी आठ-दहा मिनिटांत होते. दिवसातून तीन फेऱ्या पुरे. तेल, बाम लावून दाबू नका. बोट घसरतं, आणि भुवईवरचा बाम डोळ्यात उतरला की उरलेली संध्याकाळ डोळे धुण्यात जाते.

क्रम

हात, मान, भुवया, नाक, गाल. असाच का? हेगू आणि फेंगचीने खांदे-मान सैल पडतात, तोवर बसून दोन-तीन मिनिटं झालेली असतात आणि नुसतं ताठ बसण्यानेही नाकातली सूज थोडी उतरते. मग चेहऱ्यावर कमी दाबात काम होतं. उलट क्रमाने केलंत तर सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटून जोर वाढतो. आडवं पडून तर करूच नका. पलंगावर पडल्या पडल्या यिंगशियांग दाबणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं.

फेरी झाली की लगेच शिंकरायचं. एक नाकपुडी बोटाने मिटून दुसरीतून, तोंड किंचित उघडं ठेवून, हलक्या जोराने. दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोरात शिंकरलं तर दाब कानाकडे जातो, कानात दडे बसतात आणि नाकातला घाण कफ सायनसमध्ये उलटा चढतो.

जलनेती करणार असाल तर तिची वेळ दाबल्यानंतरची. पूर्ण चोंदलेल्या नाकात नेतीचं पाणी दुसरीकडून निघत नाही, घशात आणि कानाकडे जातं. म्हणूनच "नेती केली आणि कान दुखायला लागला" ही तक्रार इतकी ऐकू येते. ताटलीवर दोन्ही ठिपके दिसायला लागले की मग लोटा उचला. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे पोह्यांच्या चमच्याने नव्हे, मापाच्या छोट्या ५ मिलीच्या चमच्याने पाऊण सपाट. वर चिमूटभर खायचा सोडा घातला तर झोंबत नाही. मीठ कमी झालं तरी झोंबतं आणि जास्त झालं तरी, त्यामुळे "झोंबलं म्हणून मीठ कमी केलं" हे नेहमी बरोबर ठरत नाही. पाणी एक मिनिटभर खळखळ उकळून अंगाच्या उबेइतकं निववलेलं हवं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी मिळतं, ते चांगलंच आहे, पण तुमच्या नळाला ते सोसायटीच्या खालच्या आणि गच्चीवरच्या टाकीतून येतं. न उकळलेल्या पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुधा जीवच घेतो. पिण्यासाठी चालणारं पाणी नाकासाठी चालतंच असं नाही. नेतीनंतर कमरेतून वाकून डोकं डावीकडे-उजवीकडे वळवून पाणी निथळू द्या, नाहीतर तासाभराने ऑफिसच्या मीटिंगमध्ये फाईलवर टपकतं.

वाफारा घ्यायचा तर दाबण्याआधी, पाच मिनिटं. ओवा घाला, नका घालू, काम वाफेच्या ओलाव्याचं आहे. तोंड पातेल्यापासून हातभर लांब ठेवा. लहान मुलांना मांडीवर घेऊन पातेल्याशी बसू नका, भाजण्याचे प्रकार असेच घडतात.

याला जोड म्हणून भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, करा, तीही तोंड मिटून. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं, तेव्हा गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासाच्या तुलनेत १५ पट भरला. हा वायू सायनसमध्ये तयार होतो. तो एवढा बाहेर येतो याचा अर्थ गुणगुणण्याच्या कंपनाने सायनसमधली हवा खेळती होते. फेरीनंतर दहा भुंगे पुरेत. नाक पूर्ण बंद असताना मात्र कंपन तिथवर पोचत नाही, म्हणून हेही दाबल्यानंतरच.

झोपताना

रात्रीच्या चोंदण्यावर पॉईंटपेक्षा कूस जास्त कामाची. ज्या कुशीवर झोपाल त्या बाजूची नाकपुडी चोंदते आणि वरची उघडते. गालातल्या सायनसचं तोंड त्याच्या तळाशी नसून वर, नाकाकडच्या भिंतीत असतं. त्यामुळे उभं असताना तो उतारावर रिकामा होत नाही. दुखरा गाल वर ठेवून कुशीवर झोपलं की तोंड खालच्या बाजूला येतं आणि निचरा सोपा होतो. म्हणजे एकाच कुशीत दोन कामं. बसल्या बसल्या हेच करायचं तर मोकळ्या बाजूच्या काखेत घट्ट गुंडाळलेला टॉवेल किंवा खुर्चीची पाठ दाबून धरा. काखेतल्या दाबाने विरुद्ध बाजूची नाकपुडी उघडते. योग्यांच्या चित्रांत काखेखाली कुबडीसारखा आखूड दांडा दिसतो तो योगदंड, आणि त्याचा वापर याचसाठी होत आला आहे.

आपल्या भागातलं वेळापत्रक

नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या ऑफिसांत एसी बावीस-तेवीसवर आणि बाहेर ऑक्टोबरचा भट्टीसारखा उकाडा, मग संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर खोदकामाची आणि ट्रकची धूळ. पावसाळ्यात यात घरातल्या ओलीची भर: कपाटामागच्या भिंतीवर काळपट ठिपके आले असतील तर ती बुरशी आहे, आणि रोज सकाळी उठल्या उठल्या नाक चोंदणं तिच्यामुळेही असू शकतं. भिंत घासल्याशिवाय कितीही दाबलं तरी व्यर्थ. तुर्भ्याच्या मार्केटात मिरची-मसाल्याच्या गाळ्यांत काम करणाऱ्यांचं, किंवा रबाळे-पावण्याच्या कारखान्यांत उग्र वासात उभं राहणाऱ्यांचं नाक जंतूंविनाच चिडतं. तिथे मास्क आधी, पॉईंट नंतर.

फेरी घरी पोचल्यावर करायची, निघताना नाही. धुळीत जाण्याआधी नाक मोकळं करून फारसा फायदा नसतो. घरी आल्यावर हात-तोंड धुवून, कपडे बदलून मग बसा. ठाणे-वाशी लोकलमध्ये हेगूशिवाय दुसरं काही करू नका. दिवसभर दांड्याला धरलेल्या हाताने नाका-डोळ्यांपाशी दाबणं म्हणजे पुढच्या सर्दीची सोय, आणि गाडी दिघ्याच्या वळणावर हलली की भुवईवरचा अंगठा डोळ्यात जातो.

बोटांच्या टोकांवर, पेरांवर दाबायचे "सायनसचे पॉईंट" आणि दगडगोट्यांवर चालण्याचे ट्रॅक, हे वेगळ्या घराण्याचं आहे. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी १९१७ च्या सुमारास शरीराचे उभे झोन पाडून ही पद्धत मांडली, पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी त्याची तळपायावरची मांडणी केली. चिनी वाहिन्यांशी तिचा संबंध नाही. दोन्हीची खिचडी करून टाचणीसारख्या काट्यांचे रोलर बोटांवर फिरवत बसण्यापेक्षा भुवई आणि नाकाचे पॉईंट नीट करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मधुमेहींनी, पायाला बधिरपणा असेल तर, त्या गोट्यांवर अनवाणी जाऊच नये.

दाबून भागत नाही तेव्हा

नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिन-ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब किंवा स्प्रे तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले असतील तर आता जे चोंदतंय ते बहुधा त्या थेंबांमुळेच. औषध उतरलं की सूज दुपटीने येते, म्हणून पुन्हा थेंब, आणि असं महिनोन्महिने चालतं. यात पॉईंटचा परिणाम ताटलीवर दिसतच नाही. थेंब सोडवायला डॉक्टरांची मदत घ्या.

दुसरं, "माझं सायनसचं डोकं दुखतं" म्हणणारे पुष्कळ जण खरे अर्धशिशीचे रुग्ण असतात. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्के अर्धशिशीच्या निकषांत बसले. उजेड-आवाज सोसत नाही, मळमळतं, नाकातून पिवळं-हिरवं काही येत नाही, ताटलीवर दोन्ही ठिपके ठणठणीत: अशा वेळी नाकामागे लागू नका.

एकाच बाजूने दुर्गंधी असलेला कफ आणि त्याच बाजूची वरची दाढ किडलेली, तर आधी दाताचे डॉक्टर. दाढेच्या मुळाचा संसर्ग गालाच्या सायनसमध्ये चढतो. वरच्या ओठावर, नाकाच्या टोकाला किंवा नाकात फोड असेल तर त्या भागात अजिबात दाबू नका, तिथला संसर्ग शिरांवाटे आत जाण्याचा धोका असतो. नाकाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, काचबिंदू असेल तर चेहऱ्याचे पॉईंट बंद. सहा-सात वर्षांखालच्या मुलांच्या भुवईवर दाबून काही मिळत नाही, त्यांच्या कपाळातला सायनस अजून पुरता तयारच झालेला नसतो.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, खूप ताप, मान ताठ होणं, झापड येणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. साखर आटोक्यात नसलेल्या माणसाचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट काही आलं, तर तासाचाही उशीर नको. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने (म्युकरमायकोसिस) महाराष्ट्रात जे घडवलं ते अशाच लक्षणांनी सुरू होत होतं. साधी सर्दी दहा दिवसांपलीकडे रेंगाळली, किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी उतरून पुन्हा उलटली, तरी दाखवून घ्या. जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणती बाजू, किती दिवस, कफाचा रंग, कोणते थेंब किती दिवस टाकले, वास येतो का, वरची दाढ दुखते का, आणि ताटलीवर कोणत्या बाजूचा ठिपका सतत लहान येतो ते.